नाव कुठं घातलंय?

पोट दिसायला लागलं की पुण्यात बाईला सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतात, "नाव कुठं घातलंय?" म्हणजे बाळंतपणासाठी कुठल्या दवाखान्यात नोंदणी केली आहे. बाळाच्या नावाची चौकशी फार पुढे होते. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सगळीकडे मला हे विचारून झालं, आणि दर वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. कारण खरं उत्तर असं होतं की माझं नाव दोन ठिकाणी घातलेलं होतं आणि दोन्हींपैकी एकाही ठिकाणी ते मी घातलं नव्हतं.

एका ठिकाणी माझ्या वडिलांनी घातलं. माझं माहेर कसबा पेठेत. घराखालीच वडिलांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे आणि तिथून चालत जाण्यासारखं एक जुनं प्रसूतिगृह. खाली स्टेशनरीचं दुकान, अरुंद जिना, वर बाकडी. माझे वडील, माझे काका, आत्या, मी, सगळी चुलत भावंडं तिथंच जन्मलो. "आपल्या घरातलं एकही मूल दुसरीकडे जन्मलेलं नाही," हे वडील येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. ज्या डॉक्टरीणबाईंच्या हातून मी जन्मले त्या आता नाहीत, त्यांच्या सूनबाई प्रसूतिगृह चालवतात. वडिलांच्या लेखी त्याने काही फरक पडत नाही. दुकान सुनेकडे गेलं तरी माल तोच, असा त्यांचा हिशेब.

दुसऱ्या ठिकाणी सासऱ्यांनी घातलं. माझं सासर खराडीचं, म्हणजे खराडी हे गाव होतं तेव्हापासूनचं. त्यांची तिथं बरीच जमीन होती. त्यात आता काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्या एकीत मोठं चकाचक हॉस्पिटल आहे. जमीन कधीच विकली गेली, पण सासरे अजून त्याला "आपलं रान" म्हणतात. आत शिरलं की दिवाणखान्यासारखी मोठी जागा, मऊ सोफे, कॉफीचं मशीन. सासरे सोफ्यावर न बसता उभे राहून हात करून दाखवायचे, "ती लिफ्ट हाय न्हवं, तिथंच आपली विहीर हुती. माझा नातू आपल्याच रानात जन्माला येनार." नातू की नात हे त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. आणि यांच्या विहिरीवर लिफ्ट बसवली म्हणून तिथले डॉक्टर चांगले कसे, हेही मला कुणी समजावून सांगितलं नाही.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला कुठंही चालेल गं, तुम्ही ठरवा." त्याला चालणारच होतं. टेबलावर तो झोपणार नव्हता.

शेवटी एका रविवारी कसब्यातल्या घरी बैठक झाली. बैठक म्हणजे अगदी लग्न ठरवताना होते तशी. सासरे, नवरा, चुलतसासरे असे तिघं एका बाजूला, माझे वडील आणि काका दुसऱ्या बाजूला, मध्ये पोह्यांच्या बश्या. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, म्हणून वडिलांचा हक्क. तर मूल सासरच्या घराण्याचं, म्हणून सासऱ्यांचा हक्क. मी स्वयंपाकघरात आईबरोबर चहा गाळत होते. आमची आई मुळात फार बोलत नाही. त्या दिवशी तर तिने कप भरले, ट्रे माझ्या हातून काढून घेऊन बाहेर नेला आणि परत येऊन ओटा पुसत राहिली. बाहेर कुणाच्या तरी पोटाबद्दल वाटाघाटी चालल्या होत्या आणि ते पोट दाराआड उभं होतं. अजून आठवलं तरी माझं डोकं तडकतं.

तोडगा काय निघाला? दिवाळी एकाकडे आणि पाडवा दुसऱ्याकडे असं वाटून घेतात तसा. एक तपासणी कसब्यात, पुढची खराडीत, परत कसब्यात. बाळंतपण कुठं, ते आठव्या महिन्यात बघू. सगळे खूश झाले. काकांनी पेढे आणले. कुणीही दुखावलं गेलं नाही म्हणून एकमेकांचं कौतुक झालं. आणि जाता जाता वडिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "खराडीला जातेस हे डॉक्टरीणबाईंना सांगू नकोस. इतक्या वर्षांचे संबंध आहेत, त्यांना वाईट वाटेल." तिकडे खराडीला घरी पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्या कसब्याचं इथं हास्पिटलात बोलू नगं. मोठे डाक्टर हायेत, नाराज व्हत्याल."

मी खराडीतल्याच एका कंपनीत टेस्टिंगचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते. ही चूक मला दिसत नव्हती असं नाही. पण दोन्हीकडची माणसं इतक्या प्रेमाने वागत होती की तोंड उघडणं म्हणजे कृतघ्नपणा ठरला असता. कुणी डबे पाठवत होतं, कुणी मंडईतून वेचून वेचून डाळिंबं आणत होतं. भीड नावाची ही जी चीज आपल्याकडे आहे, तिने आजवर किती बायकांचं वाटोळं केलं असेल कोण जाणे.

कसब्यात वडील माझ्याबरोबर यायचे. डॉक्टरीणबाई मला तपासायच्या आणि मग वडिलांकडे वळून विचारायच्या, "झोप लागते का हिला?" वडील ठामपणे सांगायचे, "लागते." मी झोपायची सासरी, खराडीला. वडिलांना माझ्या झोपेची खबर कुठून मिळत होती, हे डॉक्टरीणबाईंनीही विचारलं नाही. मग मी आत साडी नाहीतर कुर्ता नीट करत असताना त्या दोघांचं हलक्या आवाजात बोलणं व्हायचं. बाहेर आल्यावर वडील म्हणायचे, "सगळं छान आहे."

खराडीत मला प्रत्येक वाक्याला "मॅम" म्हणायचे. मॅम, इथे झोपा. मॅम, कम्फर्टेबल आहात ना? पोटावरचा चिकट जेल पुसायला कागद द्यायचे तेही अदबीने. पण सोनोग्राफीत काय दिसलं ते सांगायची वेळ आली की डॉक्टर पडद्यापलीकडे जायचे आणि नवऱ्याला, सासऱ्यांना म्हणायचे, "सर, जरा इकडे येता?" मी पोट पुसत कान देऊन पडून राहायची. नुसती कुजबुज ऐकू यायची. मग नवरा आत येऊन म्हणायचा, "एकदम ओके."

सातवा संपता संपता माझ्या बोटातली अंगठी निघेना. साबण लावून काढली. चपलांचे पट्टे पायात रुतायला लागले. डोकं जड असायचं. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशीचं पाय सुजायचंच." वडील म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, लोणचं कमी खा." मी लोणचं बंद केलं. ऑफिसात टेबलाखाली एक खोकं ठेवून त्यावर पाय टाकून बसायला लागले, आणि रोज मनाला समजावत राहिले की सगळ्याच बायकांना हे होतं.

मग कसब्याच्या तपासणीचा दिवस आला आणि वडिलांना येता आलं नाही. कुणाच्या तरी लग्नासाठी भांडी घेणारं मोठं गिऱ्हाईक दुकानात बसलं होतं. मी एकटीच जिना चढून गेले. डॉक्टरीणबाईंनी बीपी घेतलं, पुन्हा घेतलं, आणि दाराकडे बघत म्हणाल्या, "बाबा नाही आले?"

"नाही. मी एकटीच आहे."

"मग उद्या त्यांना घेऊन या. जरा बोलायचं होतं."

"माझ्याशीच बोला ना."

"अहो, तुम्ही उगाच टेन्शन घ्याल."

टेन्शन. तो शब्द मी त्या महिन्यांत इतक्यांदा ऐकला होता की माझा तोल गेला. मी म्हटलं, "डॉक्टर, पोट माझं आहे. बाबांचं नाही." बाहेरच्या बाकड्यांवरच्या बायका बघायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी दार लोटून घेतलं. मग त्यांनी सांगितलं. माझं बीपी वाढत होतं. मागच्या वेळीही वाढलेलं होतं, आणि तेव्हाच त्यांनी वडिलांना सांगितलं होतं की आठ दिवसांत परत आणा, हे हलकं घेण्यासारखं नाही. लोणच्याचं त्यांनी शेवटी जाता जाता म्हटलं होतं.

वडिलांनी फक्त लोणचं घरी आणलं होतं. कारण पुढची तपासणी सासरच्यांची होती, आणि मध्येच आपण घेऊन गेलो तर व्याह्यांना कारण विचारायला मिळेल, आणि कारण कळलं तर ते म्हणतील, बघा, तुमच्या जुन्या दवाखान्यात काय होतंय ते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मी फक्त एवढं म्हणाले, "डॉक्टर, मी खराडीलाही जाते. तिकडेही तपासतात."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि हे मला आज सांगताय?" त्यांचा राग योग्य होता. "काय म्हणाले तिकडे? सोनोग्राफीत वाढ कशी आहे बाळाची?"

"मला माहीत नाही."

कुणाच्या पोटाबद्दल विचारलं होतं? माझ्याच. चांगली शिकलेली, कमावती, कार्यालयात चार जणांना कामं सांगणारी बाई मी, आणि माझ्या पोटातलं मूल वाढतंय की नाही हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली नाही. संताप आला.

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, "सोनोग्राफीत काय सांगितलं होतं?" तो म्हणाला, "ओके होतं की." मी म्हटलं, "मी डॉक्टरांसमोर बसलेय. खरं बोल." मग तो म्हणाला की बाळाचं वजन जरा मागे आहे म्हणाले होते, पण पप्पा म्हणाले तिला सांगू नको, उगाच टेन्शन घेईल, आणि तिच्या वडिलांना कळलं तर ते लगेच म्हणतील की मोठी हॉस्पिटलं सिझर करायला घाबरवतात. खराडीतही त्या वेळी बीपी वर दिसलं होतं. पण ते त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं, म्हणून त्यांनी लक्ष ठेवू म्हटलं. कसब्यात आधीच एकदा वाढलं होतं हे त्यांना सांगणार कोण? तिथं तर कसब्याचं नावही काढायचं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी फोन माझ्याकडून घेतला, नवऱ्याला दोन-तीन प्रश्न विचारले आणि मला म्हणाल्या, "हे दोन्ही एकत्र आहे याचा अर्थ बाळाला आत पुरेसं मिळत नाहीये. बाळंतपण लवकर करावं लागेल. माझ्याकडे लहान बाळाला ठेवायची सोय नाही, माझ्याकडे करू नका. एनआयसीयू असेल, नवजात बाळांचे डॉक्टर चोवीस तास असतील, अशा ठिकाणी जा. या चार दिवसांत ठरवा." त्यांना असं स्पष्ट बोलता येत होतं. मग महिनाभर आधी ते माझ्यासमोर का बोलता आलं नाही, हे त्यांना विचारायचं राहून गेलं.

त्या संध्याकाळी मी दोन्ही घरच्यांना कसब्यात बोलावलं. या वेळी पोहे नव्हते. मी दिवाणखान्यात मधोमध बसले आणि कुणाला काय माहीत होतं ते एकेक करून सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. वडिलांनी मान खाली घातली. सासरे म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच केलं समदं." मी म्हटलं, "पप्पा, माझं भलं तुम्ही दोघांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं आणि माझ्या वाट्याला काहीच ठेवलं नाही." असं मी सासऱ्यांशी आधी कधी बोलले नव्हते. नंतरही बोलले नाही, गरज पडली नाही.

"मग आता आपल्या हास्पिटलातच जाऊ की. तिथं त्या काचेच्या पेट्या हायेत," ते म्हणाले. बोलणं चुकीचं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याबरोबर खराडीला गेले आणि या वेळी सगळं सांगितलं, कसब्याचंही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग ते नवऱ्याकडे वळले. "सर, असं आहे की..." मी म्हटलं, "डॉक्टर, मला सांगा." ते गोड हसले. "मॅम, तुम्ही रिलॅक्स राहा. आम्ही सरांना सगळं एक्सप्लेन करतो." मी पर्स उचलली आणि उठले. विहीर, लिफ्ट, सोफे सगळं मागे टाकून बाहेर आले. नवरा मागून पळत आला. "अगं, डॉक्टर चांगले आहेत ते!" असतील. मला ते चांगले असून उपयोग नव्हता.

तिसरं ठिकाण नदीपलीकडचं. तिथं आमच्या कुणाचा जन्म झालेला नव्हता आणि कुणाचं रानही नव्हतं. इमारत साधी, गर्दी भरपूर, बसायला जागा नाही. आतल्या डॉक्टर तुटक बोलणाऱ्या. त्यांनी मला विचारलं, "बाळाची हालचाल कशी आहे?" नवरा म्हणाला, "ठीक आहे." त्यांनी त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला कळते का आतून? मग थांबा जरा. यांना विचारलंय."

तिथंच ठरलं माझं.

त्यांनी मला सगळं सांगितलं. बीपी वाढलं तर काय होऊ शकतं, मूल लहान असलं तर काय, सिझर करावं लागेल, बाळाला पेटीत ठेवावं लागेल, कदाचित त्याहून वाईटही होईल. मी रडले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि थांबल्या. रडून झाल्यावर मी प्रश्न विचारले, बरेच विचारले, आणि त्यांनी उत्तरं दिली. टेन्शन घेतल्यावर बाई मरत नाही. तिला प्रश्न सुचतात. हे ज्यांना समजायला हवं होतं त्यांच्यापैकी एकालाही समजलं नव्हतं.

नाव मी घातलं. स्वतः, माझ्या हाताने. सासरे काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि वडील जरा जास्तच बोलायला लागले. आई तेवढी रोज फोन करायची आणि बीपी किती होतं ते विचारून ठेवून द्यायची.

दिवस भरायच्या आधीच सिझर झालं. मुलगी झाली. ती वाचली, आता घरभर पळते आणि दुकानातली भांडी बडवते. हे इथंच सांगून टाकते, नाहीतर मीही लपवाछपवी केल्यासारखं होईल. पण त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. मला तिचा आवाज ऐकू आला होता, बारीक, तुटका, आणि मग तिला नेलं होतं.

दुपारी मला खोलीत आणलं. एकेक जण डोकावून गेले. वडील म्हणाले, "छान आहे हो बाळ. तू झोप." सासरे म्हणाले, "लक्षुमी आली." नात झाल्याचं त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसत होतं, ते खोटं नव्हतं. नवरा आला, माझा हात धरून बसला आणि म्हणाला, "सगळं ओके आहे." त्याचा हात गार होता. मी विचारलं, "मला कधी दाखवणार?" तो म्हणाला, "तू आधी आराम कर." आणि तो उठून गेला.

म्हणजे परत तेच. एवढं रामायण झालं, मी बैठकीत सगळं बोलून दाखवलं, दवाखाना बदलला, आणि डॉक्टर बदलून माझी माणसं काही बदलली नव्हती. उठून दार आपटावं असं वाटलं, पण मला कुशीवरसुद्धा होता येत नव्हतं.

मग आई आत आली. तिने दार लावलं आणि पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली.

"बाळाला श्वास नीट घेता येत नाहीये," ती म्हणाली. "नळी घातलीय. डॉक्टर म्हणाल्या, आजचा आणि उद्याचा दिवस कठीण आहे. त्या तुला सांगायला येत होत्या, पण ह्यांनी बाहेरच त्यांना थांबवलं, थोडी विश्रांती घेऊ दे म्हणून. मला पण सांगितलंय, तुला सांगू नको."

आईने वडिलांचा शब्द मोडलेला मी आजवर पाहिला नव्हता.

"तुझ्या आधी एक मुलगा झाला होता," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजी काय करू विचारताना असतो तसा. "तुला माहीत नाही. कुणीच बोलत नाही. तो दुसऱ्या दिवशी गेला. मला बऱ्याच दिवसांनी, घरी आणल्यावर सांगितलं. तोवर मी रोज म्हणायची, आणा ना त्याला, भूक लागली असेल, माझी छाती भरून आलीय. सगळे म्हणायचे, झोपलाय, झोपलाय. तुझी आजी म्हणायची, तुझे बाबा म्हणायचे, तेव्हाच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या."

आईने माझ्या पाठीखाली हात घालून मला हळूच बसतं केलं. मग ती वाकली, पलंगाखालून माझ्या चपला ओढून काढल्या आणि माझ्या सुजलेल्या पायांत एकेक करून घातल्या.